वादळ ओसरल्यावर गावाने काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

अरबी समुद्रातलं चक्रीवादळ खानदेशात पोहोचेपर्यंत त्याचा जोर उतरलेला असतो. आपल्याला झोपवतं ते मे-जूनमधलं वावधण. दुपार कलली की सातपुड्याकडून किंवा तापीच्या अंगाने काळं येतं, वीस-पंचवीस मिनिटं झोडपतं आणि जातं. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या पट्ट्यात तेवढ्यात कापणीला आलेली केळी आडवी होते, पत्रे शेजारच्या गल्लीत जाऊन पडतात, डीपी (गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) बंद पडतो.

त्यानंतरच्या चुका बहुधा मायेतून आणि घाईतून होतात. आपल्या गावांत माणसं एकमेकांना धरून आहेत, म्हणून धावतात सगळेच. पण प्रत्येक जण आधी भावाकडे धावतो, मग साडूकडे, मग गल्लीत. शेतातल्या खोलीत राहणाऱ्या सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, चौकशी दुसऱ्या दिवशी दुपारी होते. म्हणून या लेखातली सगळी कामं एकाच नियमावर उभी आहेत: नात्याने जाऊ नका, घरक्रमाने जा.

## ० : मे उजाडण्याआधीची तयारी

ही तयारी एका संध्याकाळचं काम आहे, पण ती नसेल तर पुढचे टप्पे कोलमडतात.

एक जाड वही घ्या आणि गल्लीवार घरांची यादी उतरवा. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीवरून सुरुवात करता येते, मात्र त्या यादीत घराचे मालक असतात, राहणारे नसतात. भाडेकरू, एकटी राहणारी म्हातारी माणसं, माहेरी येऊन राहिलेली लेक हे सगळे वेगळे लिहावे लागतात. वहीची शेवटची पानं शेतवस्तीसाठी ठेवा. सातपुड्यातून सालाने आलेली पावरा-बारेला कुटुंबं, केळी कापणीच्या टोळ्या, शिवारात उतरलेले ठेलारी मेंढपाळांचे वाडे यांत येतात. ही पानं दर महिन्याला बदलतात, म्हणून पेन्सिलीने लिहा.

प्रत्येक गल्लीला दोन माणसं नेमा, एक पुरुष आणि एक बाई. घरात कोणाला दिवस गेलेत, कोणाची इन्सुलिन संपत आलीय, कोण अंथरुणावर आहे, हे चुलीपर्यंत जाणाऱ्या बाईलाच कळतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी नुसते तरुण पोर नेमले होते, तेव्हा ही माहिती कोणाकडेच नव्हती.

सामान एका ठिकाणी, कुलपात, आणि किल्ली दोघांकडे: दोर, कुऱ्हाड, करवत, पहार, सात-आठ ताडपत्र्या, बॅटऱ्या, रबरी बूट, हवाबंद डब्यात टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर, ऑइल पेंटचा छोटा डबा आणि ब्रश. टीसीएल उघड्या पोत्यात ठेवली की तिचा दम जातो. गेल्या वर्षीची असेल तर नवी आणा.

फोन नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. मोबाईल बंद पडला की त्यातले नंबरही गेले. ११२ आपत्कालीन मदतीसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी, १९१२ वीज तक्रारीसाठी, १४४४७ पीक विम्यासाठी.

> तपासा : किल्ली असलेल्या दोघांपैकी एक जण तरी रोज गावात मुक्कामाला असतो का?

## १ : पहिला तास – माणसं मोजा

वारा थांबला म्हणजे संपलं असं नाही. बऱ्याचदा दहा मिनिटांच्या शांततेनंतर उलट्या दिशेने दुसरा झोत येतो, आणि तोपर्यंत माणसं अंगणात आलेली असतात. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास उघड्यावर जाऊ नका. शेतात वीज पडून माणसं दगावतात ती अनेकदा पाऊस उघडल्यावर ‘बाग बघून येतो’ म्हणून निघालेली असतात.

मग गल्लीतल्या दोघांनी वहीतल्या क्रमाने दार-दार करायचं. प्रत्येक घरासमोर तीनच गोष्टी लिहा: माणसं किती हवी होती, किती आहेत, कोणाला लागलंय. पत्रा, धान्य, टीव्ही यांचं आत्ता काही विचारू नका. विचारलंत की माणूस अर्धा तास सांगत बसतो, आणि त्याचं दुःख खरं असल्यामुळे तुम्हाला तिथून हलवत नाही.

शेतवस्तीकडे दोन मोटरसायकली लगेच सोडा, गावातली मोजणी संपायची वाट बघू नका. सालदाराची खोली बहुतेक पत्र्याची, विटा मातीत रचलेल्या. मोठं लिंबाचं किंवा आंब्याचं झाड तिच्या शेजारीच असतं, कारण सावलीसाठीच ती तिथे बांधलेली असते.

> सावधान : वाटेत नाल्याला पाणी असेल तर गाडी घालू नका. सातपुड्यात पडलेला पाऊस सुकी, मोर, अनेरसारख्या नद्यांना तासाभराने खाली येतो. इकडे आभाळ निवळलेलं असलं तरी पाणी वाढत असतं.

## २ : तारा – हात लावायच्या आधी

पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असं धरूनच चाला. गावात अंधार आहे म्हणजे तारेत वीज नाही, असं होत नाही. फिडर कधीही परत चालू होतो. शिवाय कोणाच्या तरी घरचा जनरेटर किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर त्याच तारेत उलटा करंट सोडत असतो.

1. तारेच्या दोन्ही बाजूंना, किमान तीस फूट अंतरावर, एकेक मोठं माणूस उभं करा. पोरांना हे काम देऊ नका.
2. १९१२ वर तक्रार द्या. ‘आमच्या गावात तार पडलीय’ एवढं सांगून भागत नाही. डीपीचं नाव, खांबावरचा नंबर आणि जवळची खूण सांगा. तक्रार क्रमांक वहीत लिहा.
3. घराघरातला मेन स्विच बंद करायला सांगा. भिंत ओली असेल तर स्विचलाही हात लावू नका, बाहेर थांबा.
4. शेतातला पंप, स्टार्टरची पेटी आणि तारकुंपण तपासल्याशिवाय जवळ जायचं नाही. कुंपणावर तार पडली असेल तर करंट शंभर फुटांवरच्या खांबालाही असतो. गुरं तिथेच टेकतात.

प्रत्येक गावात ‘मला डीपीचं सगळं कळतं’ म्हणणारा एक जण असतो. हँडल पाडणं, फ्यूज बांधणं त्याला रोजचं असेल, पण वादळानंतर वर तारा एकमेकींवर पडलेल्या असतात आणि खाली उभा माणूस ओला असतो. त्याला प्रेमाने, हात धरून घरी बसवा. ही एक गोष्ट ऐकली असती तर आज माझ्या गल्लीतलं एक घर पुरं असतं.

> तपासा : सगळ्या पडलेल्या तारांजवळ माणूस आहे का? नसेल तर झाडं तोडायला सुरुवात करू नका.

## ३ : आवरण्याआधी फोटो

सगळ्यात जास्त पैसा या टप्प्यावर बुडतो. वादळ गेल्या गेल्या गावातल्या बाया झाडू घेऊन उभ्या राहतात, पोरं पत्रे गोळा करतात, रात्रीपर्यंत अंगण लख्ख होतं. चौथ्या दिवशी पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा दाखवायला काही उरलेलं नसतं.

फोटो काढायचा क्रम असा. आधी लांबून, ज्यात पूर्ण घर आणि शेजारच्या घराचा कोपरा येईल. मग दारात घरधनी उभा आहे असा. मग आतून वर, उघडं छत. त्यानंतर भिजलेलं धान्य, कडबा, सामान. मोबाईलमधलं लोकेशन चालू ठेवा. शेतात गट नंबर मोठ्या अक्षरात पाटीवर लिहून ती पाटी फोटोत घ्या, आणि एक फोटो असा काढा ज्यात विहीर, खोली, रस्ता असं न हलणारं काहीतरी दिसेल. नुसती आडवी केळी कोणाच्याही शेतातली असू शकते.

उडालेले पत्रे उचलताना ज्याच्या त्याच्या घराचा क्रमांक ऑइल पेंटने पत्र्यावर टाका. पत्रा कोणाचा यावरून पुढे वर्षभर दोन घरं बोलत नाहीत, मी पाहिलंय.

### विमा आणि सरकारी मदत : दोन वेगळी दारं

वाचक सर्वाधिक चुकतात ते इथे. महसूल विभागाचा पंचनामा झाला म्हणजे विम्याचं काम झालं, असं समजून माणसं घरी बसतात. हे दोन स्वतंत्र रस्ते आहेत.

विमा. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळी असेल आणि सुसाट वाऱ्याने बाग पडली असेल, तर नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. घड्याळ वादळाच्या वेळेपासून चालू होतं, तुम्ही शेतात गेलात तेव्हापासून नाही. १४४४७, पीक विम्याचं अ‍ॅप, बँक किंवा कृषी कार्यालय यांपैकी जे आधी लागेल त्यातून कळवा आणि मिळालेला क्रमांक जपून ठेवा. फोन लागला नाही तर कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नेहमीच्या चुका: भावाभावांची शेती एकत्र कसतात म्हणून एकाच्याच नावाने तक्रार दिली जाते, सातबारा मात्र तिघांचा असतो. चार गटांपैकी एकच गट सांगितला जातो. ई-पीक पाहणीत केळीची नोंदच नसते. ही शेवटची चूक वादळानंतर दुरुस्त होत नाही, म्हणून वेळेत बघून ठेवा.

सरकारी मदत. यासाठी पंचनामा लागतो, आणि शेतीपिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. घराच्या बाबतीत शब्द फार महत्त्वाचे आहेत. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांत सपाट प्रदेशातलं घर ‘पूर्ण नष्ट’ झालं तर १,२०,००० रुपये आहेत. पक्क्या घराची ‘अंशतः पडझड’ असेल तर ६,५०० आणि कच्च्या घराची असेल तर ४,०००. गुरांच्या गोठ्यासाठी ३,००० रुपये वेगळे. म्हणजे कागदावरच्या एका शब्दाने लाखाचा फरक पडतो. सही करण्याआधी पंचनामा मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गल्लीतल्या नेमलेल्या माणसाला सोबत उभं करा. गोठा पडला असेल तर तो लिहिलाय का, तेही बघा. तो बहुतेक राहून जातो.

सोबत सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक आणि शेतकरी ओळख क्रमांक ठेवा. आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकते.

> सावधान : सालदार, भूमिहीन मजूर यांच्या नावावर शेत नसतं, पण पडलेली झोपडी, दगावलेलं जनावर यांचा पंचनामा त्यांच्या नावाने होऊ शकतो. त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही. तलाठ्यांना शेतवस्तीपर्यंत तुम्हीच घेऊन जा.

## ४ : छत आणि भिंती

आधी भिंत, मग छत. ओली मातीची भिंत वादळात उभी राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊन लागल्यावर बसते. भिंतीला नवी उभी चीर, फुगवटा, किंवा दार अचानक घट्ट लागणं, यापैकी काही दिसलं तर त्या खोलीत रात्री कोणी झोपायचं नाही.

धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांना वेगळी काळजी लागते. माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि खालची लाकडं जुनी. गळतंय म्हणून माणूस वर चढून खारी माती टाकतो, आणि त्याच्याच वजनाने छताची सर (आडवं लाकूड) खाली येते. पहिल्यांदा खालून बल्ल्यांचे टेकू द्या, धाब्यावरचं पाणी पन्हाळीतून काढा, दोन दिवस सुकू द्या, मग वर चढा.

पत्र्यावर चढताना लोखंडी कैचीवर किंवा आडव्या पाइपावर लाकडी फळी टाका आणि फळीवरूनच चाला. ओला पत्रा मधोमध पाय दिल्यावर दबतो, पाय घसरतो. वादळातून वाचलेली माणसं दुसऱ्या दिवशी पत्र्यावरून पडून कंबर मोडून घेतात.

पत्रा परत बसवताना कडेच्या ओळीत जास्त हुक घाला, कारण वारा कडेपासूनच पत्रा उचलतो. आणि पत्र्यावर दगड ठेवायची सवय सोडा. जोराचा वारा दगडासकट पत्रा उचलतो, आणि तो दगड कोणाच्या तरी डोक्यात पडतो.

पहिल्या रात्री सगळ्यांची छतं होणार नाहीत. ताडपत्र्या कोणाला द्यायच्या याचा क्रम आधीच ठरवा: बाळंतीण आणि तान्हं मूल, अंथरुणावरचं माणूस, एकटी बाई, मग बाकीचे. सरपंचांच्या घराचा क्रमही यातूनच लागला पाहिजे.

> सावधान : ढिगाऱ्याखाली, पत्र्याखाली, कडब्यात साप आणि विंचू आसऱ्याला येतात. बूट घालून, आधी काठीने हलवून, मगच हात घाला. साप चावला तर बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे थांबू नका. चावलेला अवयव न हलवता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा.

## ५ : पाणी

वीज नाही म्हणजे नळ नाही, म्हणून माणसं जुन्या विहिरीकडे वळतात. तिच्यात पालापाचोळा आणि गावातलं वाहून आलेलं पाणी असतं.

आधी विहिरीतला कचरा, मेलेलं पाखरू काही असेल तर काढा. पाणी गढूळ असेल तर निवळू द्या, गढूळ पाण्यात टीसीएल वाया जाते. मग पाणी मोजा. गोल विहिरीसाठी त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४ गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८,००० लिटर.

दर १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल. म्हणजे या विहिरीला सुमारे १४० ग्रॅम. पावडर तशीच वरून भिरकावू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, आणखी पाणी घालून दहा मिनिटं ठेवा, खाली चुना बसेल. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडा आणि दोराने वर-खाली करून ढवळा. अर्धा ते एक तास थांबा. ग्रामपंचायतीकडचं ओटी किट (पाण्यातलं क्लोरीन तपासायचं साधन) वापरून बघा. पाण्याला पिवळसर छटा आली तर क्लोरीन टिकलंय.

मेलेली जनावरं आणि कोंबड्या विहीर, नाला यांपासून लांब खोल पुरा. फोटो आणि पंचनामा झाल्यावरच.

> तपासा : पुढचे आठ दिवस जुलाबाचे रुग्ण गल्लीवार वहीत लिहा. एकाच गल्लीत दोन-तीन झाले तर आरोग्य उपकेंद्राला त्याच दिवशी कळवा.

## ६ : सामाईक चूल आणि गुरांचा चारा

शाळेत किंवा मंदिराच्या सभामंडपात दोन दिवस एकच चूल चालवा. खिचडीच करा. आपल्याकडे चार माणसं जमली की वरण-बट्टीची भाषा सुरू होते, पण बट्टीला माणसं लागतात, गोवऱ्या लागतात, आणि त्या भिजलेल्या असतात. वाढताना शेतवस्तीचे डबे आधी भरून पाठवा. मागाहून पाठवू म्हटलं की तळाला उरलेलं जातं.

मदत म्हणून जुने कपडे मागवू नका. ढीग येतो, भिजतो, कुजतो. तांदूळ, डाळ, तेल, ताडपत्री, मेणबत्त्या, डासांच्या जाळ्या, सॅनिटरी पॅड मागा. आलेलं प्रत्येक पोतं वहीत चढवा आणि रोज संध्याकाळी पारावर वाचून दाखवा.

बुरशी धरलेला कडबा गुरांना घालू नका. केळीचं खोड आणि पानं चिरून, कोरड्या चाऱ्यात मिसळून थोडी देता येतात. चारा नाही म्हणून गुरं कोवळ्या ज्वारीत सोडली तर किराळ (त्या ज्वारीची विषबाधा) लागते आणि दावणीचं जनावर तासाभरात जातं. याकडे गुराख्याचं लक्ष वेधा.

## ७ : आडवी बाग

पंचनामा होईपर्यंत बाग उपसू नका. मात्र तयार घड थांबत नाहीत, म्हणून फोटो काढून, कृषी कार्यालयाला लेखी कळवून तेवढे कापा.

1. आधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर घ्या. हे विसरून खोडं ओढली की नळ्यांचे तुकडे होतात, आणि तो खर्च कुठल्याच यादीत येत नाही.
2. साचलेलं पाणी चरी काढून बाहेर काढा.
3. पूर्ण भरलेले घड पहिल्या दिवशी कापून सावलीत ठेवा. व्यापाऱ्याशी एकेकट्याने बोलू नका. घाबरलेला शेतकरी दिसला की भाव पाडला जातो. आठ-दहा जणांचा माल एकत्र सांगा.
4. झुकलेल्या पण कंदाला धरून असलेल्या झाडांना बांबूचा टेकू किंवा पट्टी बांधा.
5. मोडलेली खोडं जमिनीलगत कापा, कंदाचं जोमदार एक पील (कंदातून फुटलेलं नवं रोप) ठेवा, बाकी काढा. चांगलं पील असेल तर नवी लागवड करायची घाई करू नका.
6. कापलेली पानं बागेत ढिगाने टाकू नका, करपा वाढतो.

मजुरी वाढते, माणसं मिळत नाहीत. म्हणून गावाने इरजिकीने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबून, कामं घ्यावीत. चिठ्ठ्या टाकून क्रम लावा. पाच एकरवाल्याची बाग एका दिवसात उरकून अर्ध्या एकरवाल्याला ‘उद्या’ सांगायचं, असं होऊ देऊ नका. त्याच्याकडे उद्याचं भांडवल नसतं.

## ८ : आठव्या दिवसानंतर

पाहुणे येऊन जातात, बातम्या थांबतात, वीज येते. माणूस एकटा पडतो तो यानंतर. कर्ज काढून टिश्यूकल्चरची रोपं लावलेली, नऊ महिने जपलेली बाग गेलेली असते, आणि बँकेची तारीख तशीच असते.

वहीतल्या ज्या घरांचं पीक पूर्ण गेलंय त्यांच्यासमोर खूण करा. त्या घरी महिनाभर, दोन दिवसांआड, कोणीतरी जाऊन बसायचं. सल्ला द्यायला नको, चहाला. ‘अप्पा, उद्या कृषी ऑफिसला जायचंय, चलता का सोबत?’ एवढं विचारलं तरी चालतं. माणूस जेवत नसेल, झोपत नसेल, देणी-घेणी आवरल्यासारखं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. घरातलं कीटकनाशक त्याच्या घरच्यांना सांगून दुसरीकडे ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही लावून द्या आणि शेजारी बसून राहा.

पंधराव्या दिवशी वही पुन्हा पहिल्या पानापासून काढा. प्रत्येक घरासमोर चार रकाने तपासा: पंचनामा झाला का, विम्याचा क्रमांक आहे का, छत झालं का, खात्यात काही आलं का. शेतवस्तीची पेन्सिलीची पानं या वेळी आधी उघडा, घरपट्टीची नंतर. रिकाम्या रकान्यांची यादी करून ग्रामसभेत वाचा आणि प्रत्येक रकान्यापुढे एका माणसाचं नाव व तारीख लिहा. ती तारीख आली की पुन्हा वही उघडायची. शेवटचा रकाना भरेपर्यंत ती कपाटात जाऊ देऊ नका.